ट्रंपेटवाल्याच्या छातीतली हवा

हृदयाच्या कडेनं एक बारीक काळी रेघ दिसत होती. एक्स-रेवर हवा काळी दिसते, आणि तिथे हवा असायचं काही कारण नव्हतं. फोनवर फिजिशियन घाई करत होते.

"मॅडम, फ्लूचा पेशंट. मान सुजलीय. मिरजेला मोठ्या हॉस्पिटलात पाठवू? गाडी दारात उभी आहे."

"उभी राहू दे. आधी सीटी करू."

मी बेळगावात रेडिओलॉजिस्ट आहे. घाई करणाऱ्यांचा मला राग येतो, पण त्या दिवशी मीही घाबरले होते. फ्लूतला न्यूमोनिया नेहमीचा. ही हवा क्वचित दिसते. अन्ननलिका फाटून ती आली असेल, तर माणूस हातचा जातो.

पेशंट निपाणीचा, बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा. मानेवर बोट दाबलं तर कातडीखाली चुरमुरे दाबल्यासारखं कुरकुरलं.

"उलट्या झाल्या?"

"न्हाय. खोकला लई हाय."

"घरी झोपून होता ना?"

सोबत आलेली बायको म्हणाली, "कुठलं झोपून, बाई? तापात दोन वराती वाजवून आल्यात."

"सुपारी घेतलेली," तो पुटपुटला. "घेतलेली सुपारी परत देत न्हाईत आमच्यात."

बँडवाल्यांची सुपारी म्हणजे लग्नात वाजवायचा शब्द. आता उलगडा होऊ लागला. फ्लूनं फुप्फुसातले हवेचे इवले फुगे नाजूक झालेले, त्यात खोकला, त्यावर ट्रंपेटचा जोर. एखादा फुटून त्यातली हवा हृदयाभोवती आणि मानेत शिरली असणार. पण 'असणार' म्हणून रिपोर्ट लिहिता येत नाही.

सीटीत पांढरं दिसणारं औषध त्याला प्यायला दिलं. अन्ननलिका फाटलेली असती, तर ते बाजूला सांडलेलं दिसलं असतं. पांढरी धार सरळ पोटात उतरली. फुप्फुसंही कुठे दबलेली नव्हती, म्हणजे एखादा इवला फुगाच फुटला होता. मला इतकं हायसं वाटलं, की सगळ्या स्टाफला चहा सांगितला.

"आप्रेशन लागतंय काय?" बायकोनं विचारलं.

"नाही. ॲडमिट करू, ऑक्सिजन देऊ. हवा आपोआप जिरते."

ती भिंतीला टेकून रडली. गाडी रिकामी परत गेली.

काही दिवसांनी तो पुन्हा एक्स-रेला आला तेव्हा रेघ नव्हती.

"सुपारी घेऊ काय आता?"

"काही महिने ट्रंपेटला हात लावायचा नाही."

"मग खुळखुळा?"

"खुळखुळा चालेल."

त्याचा चेहरा पडला. बायको मात्र पहिल्यांदाच हसली.

तेव्हापासून फ्लूच्या पेशंटला ताप किती होता हे मी नंतर विचारते. तापात काय करत होता, ते आधी.