सासऱ्यांनी सांभाळलेली बिअर

आम्ही अबुधाबीच्या खलिफा सिटीत एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर एक स्कॉटिश गृहस्थ राहायचे. मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत आमच्याच भागातल्या एका यार्डात ते वेल्डिंग तपासायचे, मी शेजारच्या फॅब्रिकेशन कंपनीत क्वालिटी बघतो, त्यामुळे ओळख होती. मार्चमध्ये ते नोकरी संपवून कायमचे निघाले. सामान वाटून टाकताना त्यांनी माझ्या हातात एक मोठा खोका दिला आणि म्हणाले की हे मी पाच वर्षांपूर्वी आणलं होतं, धीर झाला नाही, तू बघ.

तो घरी बिअर करायचा किट होता. झाकणाचं एक मोठं पांढरं प्लास्टिकचं पिंप, झाकणाच्या भोकात बसवायची वळणदार नळी, द्रवाची घनता मोजायचा काचेचा एक हायड्रोमीटर, आणि सूचनांचा कागद. माल्टचा डबा आणि यीस्टची पुडी मात्र नवी होती. कोणीतरी नुकतीच बाहेरून आणून दिली होती म्हणे.

इथे लायसन्सच्या दुकानातून बिअर विकत घेता येते. घरी करणं कायद्यात बसत नाही. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. खोका मी कपाटाच्या वर ठेवला. मग मुलीच्या शाळेला सुट्टी लागली, ती आणि बायको दोन आठवड्यांसाठी भारतात माझ्या सासुरवाडीला गेल्या, आणि घर रिकामं झालं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला रिकाम्या घरात जे सुचतं ते मला सुचलं. एकदाच करून बघू.

शुक्रवारी ऑफिस लवकर सुटतं. दुपारी घरी आलो, पिंप उकळत्या पाण्याने धुतलं, माल्टचा डबा उघडला. आत काकवीसारखा घट्ट, काळपट पाक. तो गरम पाण्यात कालवला, साखर घातली, तेवीस लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, वर यीस्ट भुरभुरवलं आणि झाकण लावलं. कागदावर लिहिलं होतं, दहा दिवस थांबा. त्या दोघी यायला बारा दिवस होते, असं माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी दुपारी बायकोचा फोन आला.

"ऐक, बाबांचा व्हिसा आला. दादाला कामासाठी बाहेर जायचंय, वहिनीही सोबत जातेय, ते एकटे राहतील, म्हणून मी तिकीट अलीकडचं घेतलं. उद्या येतोय आम्ही तिघं."

"उद्या?"

"का रे? आनंद नाही झाला?"

माझे सासरे एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं होते. मळीपासून स्पिरिट व्हायचं, त्यातल्या आंबवण्याच्या खात्याचे ते सुपरवायझर. आणि त्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. चहाची बशी पुढे सरकवत एकच प्रश्न विचारला होता: "तुम्ही घेता का?" मी म्हणालो होतो, "नाही." सतरा वर्षं झाली. दर वेळी ते यायचे त्याच्या आदल्या दिवशी मी फ्रिजमधले बिअरचे कॅन गाडीच्या डिकीत नेऊन ठेवायचो. पण तेवीस लिटरचं पिंप डिकीत कसं ठेवणार? ते तर हॉलमध्ये बसून दर दोन सेकंदांनी बुडुक, बुडुक करत होतं.

आमच्या स्वयंपाकघरामागे मोलकरणीसाठी काढलेली एक छोटी खोली आहे. मोलकरीण नाही, म्हणून तिथे सूटकेसा आणि इस्त्रीचं टेबल असतं. पिंप तिथे सरकवलं, वर जुनी चादर घातली आणि दार लावून घेतलं. त्या खोलीत एसी नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी दुसरी जागा सुचली नसती.

रविवारी ते आले. सासूबाई गेल्यापासून सासरे वाळले होते, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण ताठ. नेहमीप्रमाणे मला "काय जावईबापू, ठीक?" एवढं विचारून गप्प. आमच्यात कधी भांडण नव्हतं, पण दोन वाक्यांच्या पुढे बोलणंही नव्हतं. जेवताना स्वयंपाकघराच्या दिशेने बारीक आवाज येत होता. मी टीव्ही मोठा केला.

सोमवारी सकाळी सहाला उठलो तर त्यांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. हॉलमध्ये नाहीत, अंगणात नाहीत. मोलकरणीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत सासरे प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. चादर घडी करून मांडीवर, एक हात पिंपावर, आणि कान झाकणाजवळ नेलेला.

मी दारात उभा राहिलो.

"कधी टाकलंय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"शुक्रवारी."

"हात लावून बघा. तापलंय. उकाड्यात यीस्ट वेडं होतं. आमच्या मळीला बत्तीस डिग्री चालायचं, पण तिथे चव कोण बघत होतं? हे प्यायचं आहे ना?"

"बाबा, ते... वरचे शेजारी गेले, त्यांनी दिलं म्हणून—"

"जावईबापू," ते आता माझ्याकडे वळले. "मी काल दारातून आत पाऊल टाकलं तेव्हाच वास आला. आणि तुमचं म्हणाल, तर साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या मित्रांबरोबर तुम्ही गच्चीवरून खाली आलात, तेव्हा आला होता."

"मग तुम्ही लग्न कसं होऊ दिलंत?"

"तुम्ही 'नाही' म्हणालात तेव्हा तुमचे कान लाल झाले होते. मी हिच्या आईला म्हटलं, याला खोटं बोलता येत नाही. आपल्या पोरीला सगळं कळत राहील." त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. "आत्ताही लाल झालेत."

मी कानाला हात लावला आणि मला हसू आलं. तेही हसले. सतरा वर्षांत आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो असं ते पहिल्यांदाच झालं असेल.

त्या हसण्याने बायको जागी झाली. ती दारात आली, पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती इथल्या एका इंडियन शाळेत गणित शिकवते. तिला हिशेब मांडायला वेळ लागत नाही.

"हे तू घरात केलंस? इथे? कोणी कम्प्लेंट केली तर काय होईल माहितेय तुला? तुझा जॉब, माझी शाळा, पोरीचं वर्ष. खलास! आत्ताच्या आत्ता ओत हे."

ती बरोबर होती, म्हणून मी पिंपाला हात घातला. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. बाळ, तू म्हणतेस ते खरं आहे. यांनी चूक केली. पण आत जीव आहे त्याच्यात, काम चालू आहे. एकतीस वर्षांत मी चालू टाकी कधी ओतली नाही. हे एवढं पुरं होऊ दे. मग हे भांडं या घरात दिसणार नाही. मी शब्द देतो."

वडिलांनी असं काही मागितलेलं तिला आठवत नसावं. तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली, "एकदाच. आणि बाहेर एक शब्द नाही. त्याच्या ऑफिसमध्ये नाही, आपल्या मंडळाच्या लोकांत नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच." आणि चहा ठेवायला गेली.

मी ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं. आम्ही दोघांनी पिंप उचलून मागच्या बाथरूममधल्या टबात ठेवलं. टबात गार पाणी भरलं, पिंपाला ओला पंचा गुंडाळला. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवायच्या आणि दर चार तासांनी टबात बदलायच्या, असं सासऱ्यांनी ठरवलं. मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं त्यांनी मागून घेतली. पट्टीने रकाने आखले: वेळ, तापमान, मिनिटाला किती बुडबुडे. अक्षर असं की छापलेलं वाटावं.

पुढचा आठवडा माझं घर त्या बाथरूमभोवती फिरत होतं. मुसफ्फाला साइटवर उभा असताना माझ्या फोनवर सासऱ्यांचा मेसेज यायचा: "२३ डिग्री. बुडबुडे १४. समाधानकारक." दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा माणूस दिवसाला पाच मेसेज करत होता. मुलगी बारा वर्षांची आहे, आम्ही मराठीत विचारलं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिला बुडबुडे मोजायचं काम मिळालं होतं. "आजोबा, इट्स स्लोइंग डाउन! इज इट डाइंग?" ती ओरडायची. "नाही गं, त्याचं पोट भरत आलंय," ते आतून सांगायचे. हे नक्की काय आहे, असं तिने विचारल्यावर बायको म्हणाली, "केमिस्ट्री." ते काही खोटं नव्हतं.

गुरुवारी मी घरी आलो तेव्हा ते टबाच्या कडेला स्टूल टाकून बसले होते. मी बाटल्या बदलल्या आणि दुसरं स्टूल घेऊन शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

"माझा धाकटा भाऊ. तुम्ही त्याला बघितलं नाही. शेतीत मन लागेना, म्हणून साहेबांना सांगून मीच त्याला डिस्टिलरीत लावला. टँकर भरायच्या कामावर. तिथून रोज थोडं थोडं चोरून घ्यायचा. मला वासाने कळायचं. मी म्हणायचो, आज रागवतो, उद्या रागवतो. घरात बायको-पोरांसमोर कशाला, म्हणून टाळायचो. अडतिसाव्या वर्षी गेला."

नळीत एक बुडबुडा आला. त्यांनी घड्याळात बघितलं, वहीत खूण केली.

"म्हणून मी तुम्हाला तो प्रश्न विचारला. सगळ्या स्थळांना विचारायचो. उत्तर काय येतं याला फार अर्थ नसतो. विचारायचं राहून गेलं, असं परत व्हायला नको होतं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही. सासऱ्यांच्या अंगाला नमस्काराखेरीज मी पहिल्यांदा हात लावत होतो.

दहाऐवजी चौदाव्या दिवशी त्यांनी हायड्रोमीटर नळकांड्यात सोडला, चष्मा वर सरकवून, ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून वाचला, दुसऱ्या दिवशी परत वाचला, आकडा तोच आला तेव्हा म्हणाले, "झालं. भरा." आम्ही सोड्याच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या होत्या. प्रत्येकीत एक चमचा साखर घालायची, भरायची, घट्ट बंद करायची. बायको नाही नाही म्हणत शेवटी झाकणं लावायला बसली. मी झाकणं सैल लावतो, असं तिचं मत पडलं.

त्यानंतर दोन आठवडे थांबायचं होतं. सासऱ्यांचं परतीचं तिकीट त्याच्या दोन दिवस पुढचं होतं.

त्या शनिवारी दुपारी मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. बायकोने डाळ-तांदूळ लावले होते, कुकर नुकताच उतरला होता. मी एक गार बाटली उघडली आणि दोन काचेच्या ग्लासांत ओतली. दुसरा ग्लास सासऱ्यांपुढे ठेवताना मी अडखळलो, पण ठेवला. फेस पांढरा आणि दाट आला.

सासऱ्यांनी ग्लास उचलला. खिडकीच्या उजेडात धरून गढूळपणा बघितला. मग डोळे मिटून वास घेतला, एकदा, दोनदा, तीनदा.

"केळं," ते म्हणाले. "पिकलेल्या केळ्याचा वास येतोय ना? ते तुमचे पहिले दोन दिवस. त्या कोंदट खोलीतले. बाकी स्वच्छ आहे. आंबट नाही, घाण नाही."

मी घोट घेतला. खरंच केळ्याची चव होती, शेवटी थोडी कडवट. दुकानातल्यासारखी नव्हती. पण चांगली होती, आणि हे मी केलंय म्हणून म्हणत नाही, कारण मी काहीच केलं नव्हतं.

"बाबा, एक घोट?" मी विचारलं.

"नको, जावईबापू. त्र्याहत्तर वर्षं राहिलं, आता राहू दे." त्यांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला आणि हळूच माझ्या बायकोपुढे सरकवला. "तू घे."

"मी? तुमच्यासमोर?" बायको उठूनच उभी राहिली.

"माझ्या माघारी घेतेसच ना? नाताळात तुमच्या मित्रांकडे. फोनवर आवाज ऐकला की मला कळतं."

ती लाजली, मग खाली बसली. आधी पदर शोधावा तसा हात खांद्याकडे गेला, अंगात टी-शर्ट होता. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पुन्हा घेतला. "बरी आहे की," ती म्हणाली. "खरंच बरी आहे, बाबा." सासरे तिच्या चेहऱ्याकडे असे बघत होते, जणू तिने बोर्डाचा निकाल आणून दाखवला होता. मग त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं आणि वरण-भाताबरोबर लोणचं मागितलं.

सोमवारी मी त्यांना अबुधाबी विमानतळावर सोडलं. दिलेल्या शब्दाप्रमाणे पिंप त्याआधीच त्यांनी माझ्याकडून करवतीने कापून घेतलं होतं, आणि तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून टाकायला लावले होते. उरलेल्या बाटल्या मी आणि बायकोने उन्हाळाभर, शनिवारी एक, अशा संपवल्या.

आता ते फोन करतात तेव्हा आधी मला फोनवर बोलावतात. बायको सुरुवातीला चिडायची, आता फोन सरळ माझ्या हातात देते. मागच्या महिन्यात त्यांनी एका चिनीमातीच्या बरणीचा फोटो पाठवला. शेजाऱ्याच्या शेतातला उसाचा रस आणून ते घरी सिरका, म्हणजे व्हिनेगर, करतायत. तोंडाला फडकं बांधलंय, वर तारीख चिकटवलीय. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या टाक्या सांभाळल्या, म्हणाले, घरात स्वतःसाठी कधी काही आंबवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत मेसेज आला. सूनबाई म्हणते घरभर वास येतो, बरणी बाहेर ठेवा. पण बाहेर ऊन फार आहे. काय करावं, तुमचं मत कळवा.