थोरली आणि धाकटी

माझ्या मामाला कारखान्यात सगळे 'डॉक्टर' म्हणत. पंपाच्या मोटारी बनवणारा कारखाना, आणि तयार झालेली प्रत्येक मोटार बाहेर पडण्याआधी मामाच्या टेबलावर यायची. ती सुरू करायची, लाकडी मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, एवढंच त्याचं काम. आत कुठे बेअरिंग कुरकुरत असलं तर ती कुरकुर लोखंडातून सरळ हाडात येते, हवेतून ऐकू यायच्या कितीतरी आधी. मग मामा डोळे उघडून म्हणायचा, "पास," नाहीतर, "हिला परत न्या, हिच्या पोटात दुखतंय." निवृत्त होताना त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याने वर तो स्क्रूड्रायव्हरही मागून घेतला.

असा कान घेऊन जन्माला आलेला माणूस घरच्यांना फार छळतो. मामाला घरातली टपटप, करकर, खुटखुट काही म्हणजे काही सहन व्हायचं नाही. त्यात त्याला प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी ताडून बघायची खोड. बिजागरीला घालायचं तेल घ्यायला गेला तरी दोन दुकानांतलं आणणार, एक वरच्या बिजागरीला, एक खालच्या, आणि आठवडाभर दार उघडझाप करत बसणार. चपला घ्यायला मी त्याच्याबरोबर एकदाच गेले. पुन्हा नाव काढलं नाही.

या माणसाने लग्न मात्र एका वाक्यावर ठरवलं. कारखान्यातल्या कुणाच्या तरी घरी मंडळी जमली होती आणि मामा गिटार वाजवत होता. तोंड भरून कौतुक चाललं होतं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक मुलगी म्हणाली, "छान आहे, पण तिसरी तार उतरली आहे." मामाने तपासलं. उतरली होती, केसभर, त्याची त्याला कळली नव्हती एवढी. ती माझी मामी. पुढे कित्येक वर्षं मामा संध्याकाळी वाजवायचा आणि मामी समोर बसून चुका काढायची. नव्या तारा चढवल्या की दोन कंपन्यांच्या तारा तिला ऐकवायच्या आणि ती म्हणेल ती ठेवायची, असा त्या घरातला रिवाज होता. मूलबाळ नव्हतं, माणसं दोनच, पण घर गजबजलेलं वाटायचं.

मग कधीतरी मामी संध्याकाळची बसेनाशी झाली. कधी स्वयंपाकघरात काम निघायचं, कधी डोकं दुखायचं. मामाने तारा ऐकवल्या तर म्हणायची, "दोन्ही चांगल्या आहेत." मामा चिडायचा. "चांगल्या आहेत हे मलाही माहीत आहे. जास्त चांगली कुठली?" ती म्हणायची, "तुम्हाला आवडेल ती." मामा माझ्याकडे येऊन कुरकुरायचा, "तुझ्या मामीला माझा कंटाळा आलाय. साहजिकच आहे म्हणा. एकच माणूस, एकच गिटार." हसत सांगायचा, पण लागलेलं असायचं. तो गिटार घेऊन आतल्या खोलीत बसायला लागला आणि दार लोटून घ्यायला लागला. मला दोघांचाही राग यायचा. एवढ्याशा घरात रुसवे काढायला माणसांना वेळ तरी कुठून मिळतो, असं वाटायचं.

गेल्या वर्षी त्याच्या लाकडी गिटारीने मान टाकली. दमट हवेत तिचं पोट फुगलं, कोरड्या हवेत तडकलं, तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबताना मामाची बोटं सोलवटायची. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, "काका, हिला आता शोभेला ठेवा." आणि सुचवलं की कार्बन फायबरची घ्या. विमानाला आणि शर्यतीच्या सायकलींना वापरतात ते हे. हवेचा परिणाम नाही, फुगायचं नाव नाही, तडकायचं नाव नाही. मामा वाद्यांच्या दुकानात गेला, दिवसभर बसला, आणि दुकानदार इतका वैतागला की त्याने दोन गिटारी घरीच दिल्या. अट एकच. सोमवारी एक परत आणायची, आणि तिच्यावर ओरखडा उठलेला चालणार नाही.

मामाने लगेच त्यांची नावं ठेवली. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी. थोरली काळीभोर, चकचकीत, इतकी की तिच्यात बघून भांग पाडावा. तिची जाड तार छेडली की खोली भरून जायची आणि आवाज मागे रेंगाळत राहायचा. धाकटी बिनचमकेची, अंगावर चटईसारखी वीण दिसणारी. तिचा आवाज जवळचा, थोडा घशातला, लवकर विझणारा. पण तिचं कवच पातळ होतं. मांडीवर घेऊन वाजवली की पोटाला, बरगड्यांना चक्क थरथर जाणवायची. थोरलीचा दांडा गुळगुळीत आणि थंड, बोट पुढे निघून जायचं. धाकटीचा बारीक, मुठीत बसणारा. मला टकटक करून बघितल्यावर दोन्ही बादल्यांसारख्या वाटल्या, आणि तसं म्हटलं तर मामा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

खरं तर त्याच्या मनात थोरली भरली होती. "कान थोरलीकडे ओढतोय, हात धाकटीकडे," असं तो म्हणायचा. दोन्हींवर एकाच कंपनीच्या कोऱ्या तारा चढवल्या, म्हणजे अन्याय नको. शर्टाची बटणं लागतील म्हणून बनियनवर बसून वाजवायचा. पण निकाल त्याला मामीकडूनच हवा होता. तोंडाने कबूल केलं नाही, तरी रविवारी सकाळी त्याने मला बोलावलं ते एवढ्याचसाठी. मी असले म्हणजे मामी काम काढून उठून जाणार नाही, असा त्याचा हिशेब.

त्याने आम्हा दोघींना भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर बसवलं. कुठली गिटार हातात आहे ते दिसायला नको. मामी कुरकुरत होती, "हे काय शाळेतल्यासारखं? समोर बसून ऐकते की." मामा म्हणाला, "समोर बसलीस की तू माझ्या तोंडाकडे बघून निकाल देतेस." तो हे गमतीने म्हणाला. मामी हसली नाही. पदर सारखा करून भिंतीकडे वळली.

पहिली वाजली. माझा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा, तरी ती थोरली आहे हे मलाही कळलं, भिंतीपर्यंत येऊन आदळत होती. मग थोडा वेळ खुडखुड, आणि दुसरी वाजायला लागली. मामीने मान डोलवायला सुरुवात केली. एक बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. मला बरं वाटलं, म्हटलं चला, रुसवा निघाला.

मधेच वाजवणं थांबलं. मी मागे वळून पाहिलं. मामा चष्मा पुसत होता, गिटार मांडीवर तशीच होती. आणि माझ्या शेजारी मामीची मान डोलतच होती. बोट ठेका धरत होतं. खोलीत चिडीचूप.

मामाने ते पाहिलं. त्याचा चेहरा आधी रागाने लाल झाला. "ऐकतेस की नुसती मान हलवतेस?" तो म्हणाला. मामी डोलत राहिली. "अगं, तुला विचारतोय मी." मामी डोलत राहिली, उलट जरा हसली, चांगला तुकडा आल्यावर हसावं तसं. मी तिला हात लावणार तेवढ्यात मामाने मला बोटाने थांबवलं.

तो गिटार घेऊन उठला. त्याच्या अंगात कारखान्यातला डॉक्टर आला होता, चेहरा अगदी कोरा. एक पाऊल पुढे येऊन त्याने तिला नेहमीच्या आवाजात हाक मारली. उत्तर नाही. आणखी पुढे आला, पुन्हा हाक. शेवटी तिच्या खुर्चीच्या पाठीशी येऊन जवळजवळ ओरडला, तेव्हा ती दचकून वळली आणि घाईघाईने म्हणाली, "झालं का? दुसरी छान आहे. पहिलीही छान होती."

मामा तिच्यासमोर जमिनीवर बसला. मोटारींचा आजार मैलावरून ओळखणारा माणूस, आणि काखेत कळसा, गावाला वळसा. मला त्याच्याकडे बघवेना.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मामीने आधी कानावर हात ठेवले. कसलं काय, मला झोप लागली होती, तुमचं आपलं काहीतरी. मग माझ्याकडे बघून तिचा धीर सुटला. "हळूहळू गेलं हो. आधी पक्षी गेले. मग घंटी. तोंड दिसलं की बोललेलं कळतं, मागून नाही कळत."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हीच विचारलं होतंत ना एकदा," ती म्हणाली. "तुमचे कारखान्यातले सगळे जेवायला आले होते. मी कुणाला तरी भलतंच उत्तर दिलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बहिरी आहेस का? सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू, की हो, आहे?"

मामाला ते आठवत नव्हतं. हे जास्त वाईट. असली वाक्यं बोलणारा विसरून जातो, आणि ऐकणारा, ज्याला धड ऐकू येत नाही तोसुद्धा, ती जन्मभर ऐकत राहतो.

मामा एकदम उठला, ड्रॉवर उघडून जुना स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला. "टोक इथे टेकव. घट्ट." त्याच्या हातात धाकटी होती, आणि तो तिच्या पुढच्या काळ्या अंगावर, तारांच्या बुडाशी, बोट दाखवत होता. मी म्हटलं, "मामा, ओरखडा उठेल. उद्या परत—" तो म्हणाला, "टेकव म्हणतो ना!" मूठ त्याने स्वतः मामीच्या कानामागच्या हाडावर बसवली, तिचा हात मुठीवर ठेवला, आणि वाजवायला लागला.

मामी आधी अवघडून बसली होती. मग तिचे डोळे विस्फारले. "अगबाई," ती म्हणाली, आणि मूठ आणखी दाबून धरली. माझ्या हातात लोखंड थरथरत होतं. मामाने वाजवलेलं मला काही ओळखता आलं नाही, तिला आलं असावं, कारण ती रडायला लागली आणि रडता रडता, कपाळाला आठ्या घालून, म्हणाली, "तिसरी तार उतरली आहे."

उतरली होती. कोऱ्या तारा लवकर सैल पडतात. मामाने खुंटी पिळली नाही. गिटारीवर हात आडवा टाकला आणि हमसाहमशी रडला. माझा एवढा मोठा मामा असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. मामी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी वाजवायचं सोडलंत. हळूच वाजवता, स्वतःपुरतं. मग दारही लावायला लागलात. म्हटलं, एवढं उघड सांगताहेत तर कशाला जाऊन बसायचं?"

सोमवारी थोरली परत गेली. दुकानदाराला नवल वाटलं, म्हणाला, "काका, आवाज तर हिचा भारी होता." मामा म्हणाला, "घरात दुसरी पसंत पडली." ओरखड्याचं त्याने सांगितलं नाही.

मग खऱ्या डॉक्टरांकडे जाणं झालं. कानातलं एक बारीक हाड जखडलंय म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर दोन्ही कानांचं ऑपरेशन सहज झालं असतं. आता एका कानाचं करून बघता येईल, दुसऱ्याची नसही थकली आहे, तिथे यंत्रावर भागवावं लागेल. मामाने "वेळेवर म्हणजे कधी?" असं विचारलं आणि डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं. दार लोटून वाजवायला त्याने सुरुवात केली होती, त्याच सुमाराचं ते वर्ष होतं.

परवा मी गेले तेव्हा संध्याकाळ होती. ऑपरेशनची तारीख अजून मिळायची आहे. कानातलं यंत्र मामीने काढून ठेवलं होतं, ते गिटारीला शिट्ट्या मारतं म्हणे. ती खिडकीशी काहीतरी शिवत होती. मामा धाकटी मांडीवर घेऊन नुसता बसला होता, अंगठा त्या ओरखड्यावरून फिरत होता.

"कसलं वाईट वाटतं माहितीये?" तो मला म्हणाला. "मोटार कुरकुरली तर तिला परत पाठवायच्या आधी मी टोक लावून बघायचो. एकही तशी सोडली नाही. हिला कंटाळा आलाय असं ठरवून मोकळा झालो. विचारलंसुद्धा नाही गं."

मामीने वर पाहिलं. "काय म्हणताहेत?" तिने मला विचारलं.

"काही नाही," मामा सवयीने म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. तो गिटार बाजूला ठेवून उठला, तिच्या खुर्चीशी जाऊन बसला, आणि तिच्या कानाला तोंड लावून मला सांगितलेलं सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तिला सांगितलं. मोठ्याने, शब्द न् शब्द.

मामीने शिवण मांडीवर ठेवली. 

"विचारलं असतंत," ती म्हणाली, "तर सांगितलं असतं."