डाव्या भुवईची साक्ष

माझे बाबा खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, घरात आम्हाला त्याचा जाचच होता. शेजारीण नवी साडी नेसून आली आणि "कशी दिसते भाऊजी?" म्हणाली, तर बाबा खरं सांगत. अशा माणसाचा डावा डोळा पन्नाशीत आपोआप मिटायला लागला, आणि तोही थेट डोळा मारल्यासारखा. देवाला काही कामधंदा नाही, असं माझं तेव्हा मत झालं.

सुरुवातीला पापणी नुसती लवायची. पुरुषाचा डावा डोळा लवणं वाईट, म्हणून आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सहा महिन्यांत अख्खा डोळा गच्च मिटायला लागला आणि बरोबर ओठाचा डावा कोपराही वर जायला लागला. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या बाजारात एका भाजीवालीनं बाबांच्या अंगावर गिलकी फेकून मारली. बाबांनी ती उचलून तिला अदबीनं परत दिली, आणि देताना डोळा पुन्हा मिटला. त्यानंतर भाजी आणायचं काम माझ्याकडे आलं.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. पुढे मिल बंद पडली आणि हसणं महागात पडलं.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये हजेरी कारकून होते. त्या वर्षांत शहरातली एकेक मिल बंद पडत होती. पेपरात मात्र देशाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या असायच्या. आमच्या मिलचा दरवाजा लागला त्या दिवशी नोटीस वाचून दाखवायचं काम बाबांकडे आलं, कारण त्यांचा आवाज खणखणीत होता. ते फाटकाशी स्टुलावर उभे राहिले. "मिल अगली सूचना तक बंद रहेगी," एवढं वाचून त्यांनी मान वर केली आणि शेकडो माणसांसमोर डोळा मारला. वर हसलेही.

टाळ्या पडल्या.

"समझ गए बाबूजी!" विणकर ओरडले. व्यवस्थापन नुसतं घाबरवतंय, मिल पुन्हा चालू होणार, असा इशारा बाबूजींनी दिला, आणि बाबूजी तर कधी खोटं बोलत नाहीत! बाबांच्या तीस वर्षांच्या सचोटीचं त्या एका डोळ्यानं वाटोळं केलं.

सगळ्यांत पक्का विश्वास बसला तो जॉबरकाकांचा. विणकरांच्या एका पाळीवर देखरेख करणारे हे जॉबर बाबांचे जुने दोस्त. शहराबाहेर राऊच्या पुढे एक नवा कारखाना निघाला होता आणि तिथे मशीनवर हात बसलेली माणसं हवी होती. काकांना बोलावणं आलं होतं, त्यांनी होकार दिला तर त्यांच्या पाळीतले वीस-पंचवीस जण मागोमाग जाणार होते. भरती दिवाळीपर्यंतच होती. पण काका फाटकाशी सतरंजी टाकून बसले. "बाबूजी ने आँख मारी है भिया, अपन कहीं नी जा रिये."

बाबांना आवराआवरीसाठी अजून आत बोलवत. आतले माग उखडून भंगारात निघताना ते रोज बघत होते. रोज बाहेर येऊन सांगत, "मिल नहीं खुलेगी, तुम लोग जाओ," आणि रोज डोळा मिटायचा. काळा चष्मा लावून गेले, तर लोकांना कट आणखी खोल वाटला. रुमालानं डोळा झाकला, तर ओठ हसला. शेवटी पाटीवर खडूनं लिहून, पाटी तोंडासमोर धरून उभे राहिले. मागून एकानं वाकून पाहिलं आणि आनंदानं जाहीर केलं, "मार रिये हैं, मार रिये हैं!"

त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत. "माझं कोणी खरं मानत नाही," म्हणाले. माझ्या बापाचा आवाज मी पहिल्यांदा इतका बारीक ऐकला आणि मला जगाचाच संताप आला.

मग डॉक्टर सुरू झाले. डोळ्यांच्या डॉक्टरनं थेंब दिले. दुसऱ्यानं मिल बंद पडल्याचं टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन बाबा दुपारी घोरायला लागले, डोळा मात्र जागाच. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत होते. उशाशी बसून मी वहीत नोंद केली: गाढ झोपेतही डोळा मारतात, समोर भिंत आहे.

ही नोंद कामाला आली. नागपूरहून इंदूरला नव्यानंच आलेल्या मेंदूच्या एका तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच विचारला, "झोपेत होतं का?" मी वही पुढे केली. तो खूश झाला, कारण टेन्शननं आलेल्या सवयी सहसा झोपेत थांबतात. मग तो बाबांकडे टक लावून बसला. डोळा मिटला तसा टेबलावर हात आपटून म्हणाला, "भुवई बघा! डोळा मिटतोय आणि त्याच बाजूची भुवई वर जातेय. मुद्दाम डोळा मारणाऱ्याची भुवई खाली येते. करून बघा, जमत नाही."

आम्ही करून बघितलं. आईनं, मी, कंपाउंडरनं, औषध घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी. कोणालाही जमलं नाही. आई पदराआड तोंड करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती.

डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं. कानामागे, खूप आत, चेहरा हलवणारी नस मेंदूतून निघते. बाबांच्या तिथे एक रक्तवाहिनी वाकडी होऊन त्या नसेवर टेकली होती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक धक्का, वर्षानुवर्षं. नसेचं आवरण झिजलं की ती कोणी न सांगता हुकूम सोडते. गाठ नाही ना हे बघायला स्कॅन झाला, नव्हती. उपाय मुंबईला होता: कानामागे रुपयाएवढं भोक पाडायचं, रक्तवाहिनी बाजूला करायची आणि दोघींच्या मध्ये मऊ तुकडा ठेवायचा. धोका डाव्या कानाला, कधी चेहऱ्याला, फार क्वचित जिवाला.

"काही नको ऑपरेशन-बिपरेशन," आई म्हणाली. "आँखच तर मिटते ना?"

बाबा आधी फाटकाशी गेले. चित्र दाखवून त्यांनी सगळं समजावलं आणि भुवईची परीक्षा घ्यायला सांगितलं. मी तिथे होते. लाल झेंड्याखाली शंभरेक माणसं एक डोळा मिटून भुवई वर करायला झटत होती. एकानं बोटानं भुवई वर धरली, त्याला बाद केलं. रस्त्यानं जाणारा टेम्पोवाला गाडी थांबवून बघत राहिला. अखेर सगळ्यांनी मान्य केलं की हे माणसाच्या हातचं काम नाही, बाबूजी खरोखर आजारी आहेत.

"तो अब मानोगे?" बाबांनी विचारलं. "मिल नहीं खुलेगी." डोळा मिटला.

जॉबरकाकांनी बराच विचार केला. "देखो बाबूजी, बीमारी अपनी जगह, इशारा अपनी जगह. ठीक होके आओ. फिर सीधे मुँह से जो बोलोगे, अपन मान लेंगे."

बाबांनी ऑपरेशन ठरवलं ते तिथेच, उभ्या उभ्या. मी जन्मभर काकांवर रागावणार होते, पण निघायच्या आदल्या दिवशी ते घरी आले. मिलच्या शेवटच्या ताग्यातला मलमलीचा हातभर तुकडा त्यांनी धुऊन, इस्त्री करून आणला होता. "सिर में कपड़ा ही डालना है ना? दूसरी मिल का माल मत डलवाना बाबूजी. ये अपना है."

मुंबईच्या सर्जननी तो तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि हसले नाहीत. "वीण फार सुंदर आहे," म्हणाले, "पण डोक्यात हे चालत नाही. तिथे आयुष्यभर विरणार नाही अशा वेगळ्या धाग्याचा कापूस ठेवतात." तुकडा त्यांनी नीट घडी घालून माझ्याकडे परत दिला.

ऑपरेशन पाच तास चाललं. शुद्धीवर येताच बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. नस शांत व्हायला कधी कधी दिवस लागतात, असं डॉक्टर सांगत होते. चौथ्या दिवशी सकाळी बाबा चहा पीत असताना आईनं माझा दंड घट्ट धरला. अख्खा कप संपला आणि डोळा उघडाच होता. डाव्या कानानं मात्र त्यांना तेव्हापासून कमी ऐकू येतं.

दिवाळीला आठ दिवस असताना बाबा कानटोपी घालून फाटकाशी गेले. सतरंजीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. काका अगदी जवळ येऊन त्यांचा चेहरा बघू लागले.

"बोलो बाबूजी."

"मिल नहीं खुलेगी. लूम भंगार में गए, मैंने देखा है. तुम लोग जाओ, दिवाली से पहले जाओ."

काका बघतच राहिले. मीही बघत होते, आणि खरं सांगते, एकदा तरी मिटावा तो डोळा, असं मला त्या वेळी वाटलं. मिटला नाही. मागे कोणीतरी सतरंजी गुंडाळायला लागलं.

"ठीक है," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "और वो अपना कपड़ा? डाला उन्होंने?"

बाबा उजवा कान पुढे करून ऐकत होते. त्यांचा डावा हात कोटाच्या खिशात होता. घडी केलेला तो तुकडा त्याच खिशात होता, सकाळी मीच त्यांना ठेवताना बघितलं होतं.

"डाला," बाबा म्हणाले. "अंदर है." चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

काकांनी तो चेहरा पुन्हा एकदा नीट तपासला आणि मान हलवली. "चलो," ते म्हणाले, "कहीं तो अपना माल चल रिया है."