वरून आलेली बिजलीबाई

सरकारी ऑफिसात नोकरी केली की पेन्शन मिळो न मिळो, किस्से मात्र भरपूर मिळतात. सरकार बदललं की त्यांना जरा जास्तच ऊत येतो. मी तळोद्यात क्लार्क. मागे नवं सरकार आलं आणि पाठोपाठ आम्हाला नवे साहेब आले. आल्याआल्या त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून इथलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये!"

आमचा शिपाई भटू आप्पा हळूच अहिराणीत म्हणाला, "साहेब, दरवाजा बंद करी टाकसू, पन खिडकी मोडेल शे." खिडकी खरंच मोडलेली होती.

*

ऑफिसच्या जुन्या जाड भिंतींत मोबाईलला रेंज नाही. ती मिळते बाहेर चिंचेखाली. त्यामुळे साहेबांची सगळी गोपनीय बोलणी चिंचेखाली, तीही ओरडून!

एकदा ते फोनवर म्हणाले, "हो सर, डोंगरातला ड्रोन सर्व्हे पूर्ण! गावात कुणाला पत्ता नाही सर!"

समोर वर डोंगरात धडगावला जाणाऱ्या जीपमध्ये बसलेली पंधरावीस माणसं शांतपणे ऐकत होती.

*

त्यातलीच एक बिजलीबाई. वर डोंगरातल्या एका पाड्यावरची. शेतावरून ड्रोन घिरट्या घालून गेलं, तेव्हापासून पाड्यावर कुणाला धड झोप नव्हती. जमीन जाणार, की रस्ता येणार, की आणखी काही? दुसऱ्याच दिवशी ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

"कशाला मोजलं आमचं शेत? सांग."

तिच्या पावरी बोलीत अहो-जाहो नाही, म्हणून मराठीतही सगळ्यांना 'तू'च! साहेबांचे कान लाल झाले.

"सांगता येणार नाही. वरून आदेश आहेत."

"वरून तर आम्ही आलो," बिजलीबाई म्हणाली. "आम्हाला कोणी विचारलं नाही."

मी फायलीत तोंड खुपसलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

*

ती दर बाजाराच्या दिवशी यायची. तोच प्रश्न, तोच आवाज. एका सकाळी साहेब भडकले. "बसवून ठेवा हिला!" बंदोबस्ताच्या हवालदाराने तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. कागद नाही, गुन्हा नाही, काही नाही.

दुपारी साहेब जरा थंड झाले. "जाऊ द्या तिला."

बिजलीबाई हलली नाही. "का बसवलं? कारण सांग. मग जाते."

भटू आप्पाने चहा नेऊन दिला. तिने घेतला, पण पदराच्या गाठीतले पैसे त्याच्या हातावर ठेवूनच. "हाई बाई काही ऊठत नही आते," आप्पा मला म्हणाला. एवढा गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता.

*

बाजारात बातमी पोचली. त्या आठवड्यात जमावबंदी होती, पाच माणसं एकत्र आली की गुन्हा. हवालदार काठी घेऊन फाटकावर उभा.

आधी चार माणसं आली आणि ऑफिससमोरच्या मैदानात बसली. थोडी जागा सोडून आणखी चार. मग चार बायका. मग चार म्हातारे. घोषणा नाही, गडबड नाही. बघता बघता मैदान भरलं!

आतून साहेबांनी विचारलं, "किती आहेत रे?"

हवालदार म्हणाला, "चार, साहेब."

"फक्त चार?"

"सगळीकडे चार, साहेब!"

*

शेवटी साहेब केबिनमधून बाहेर आले आणि बाकाजवळ थांबले. आवाज अगदी खाली गेलेला. "बाई, तुम्हाला बसवायचं काही कारण नव्हतं."

नोकरीत साहेबाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बिजलीबाईने मैदानाकडे बोट केलं. "तिकडे सांग."

साहेब पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. घाम पुसला आणि म्हणाले, "या बाईंना बसवून ठेवायचं काही कारण नव्हतं."

बिजलीबाई मागून आली आणि शेजारी उभी राहिली.

"जोरात सांग. मागे म्हातारी माणसं आहेत, त्यांना ऐकू आलं नाही."