माझ्या अक्षरातला नकार

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. मला वाटलं, आमची फाईल काढतायत. त्यांनी खोलीत मारायचा सुगंधी फवारा काढला, टोपण उडवलं आणि बसल्या जागेवरून हात लांब करून माझ्या आईच्या डोक्यावर दोनदा मारला. फुस्स. फुस्स. मोगऱ्याचा वास. आईच्या केसांवर, पदरावर बारीक थेंब बसले. एखादा डोळ्यात गेला असावा, कारण तिने पदराने डोळा पुसला.

"अंघोळ-बिंघोळ करून येत जा गं ऑफिसला," साहेब म्हणाले. "आम्हाला दिवसभर इथं बसायचं असतं."

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क मोबाईलमधून डोकं वर न काढता हसला.

आई पहाटे आंघोळ करूनच निघाली होती. तिच्या अंगाला वास होता तो चुलीचा. आमच्या घरात चूल आहे, तिचा धूर लुगड्यात बसतो, धुतला तरी जात नाही. शिवाय आई धरून आठ बायका आणि मी एका जीपमध्ये कोंबून घाटातून आलो होतो. बाकीच्या सात जणी दाराबाहेर थांबल्या होत्या.

पण मला आधी माझं सांगायला हवं. फवारा आईवर आला तेव्हा मी तिला चिकटून उभी होते. मी एक पाऊल बाजूला सरकले. मी नाशिकला कॉलेजात आहे, होस्टेलवर राहते, महिनाअखेर म्हणून घरी आले होते. होस्टेलचा साबण लावला होता, ओढणीला पिना लावल्या होत्या. मला वाटलं, साहेबांना कळावं की वास माझा नाही.

त्या पावलाची मला अजून किळस येते. फवाऱ्यापेक्षा जास्त.

आमचं गाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नागली निघाली की गावात काम उरत नाही. मग ट्रक येतात आणि अर्धं गाव पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला जातं. बागेत, नाहीतर पॅकहाऊसमध्ये. उन्हाळा संपताना माणसं परत येतात. माझ्या लहानपणी मीही गेले आहे. चौथीची परीक्षा मी दिलीच नाही, तरी पाचवीत बसवलं. तेव्हा तसं चालायचं.

मागच्या वर्षी माझी धाकटी बहीण सरिता दहावीला होती. दहावीला तसं चालत नाही. वडील नाहीत, मुलीला घरात एकटी ठेवून आई जाणार नव्हती. आई गेली की सरिता जाणार, सरिता गेली की दहावी जाणार. म्हणून आई म्हणाली, यंदा जायचं नाही. गावातच रोजगार हमीचं काम मागायचं. तिच्याबरोबर आणखी सात जणी तयार झाल्या. ग्रामरोजगार सेवक म्हणून एक माणूस असतो, तो अर्ज घेतो. त्याने आठ अर्ज घेतले, आठ पावत्या दिल्या. महिना होत आला. काम निघालं नाही.

मी कॉलेजच्या वाचनालयात वाचलं होतं की लेखी काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर सरकारने बेरोजगारी भत्ता द्यायचा असतो. मागणाऱ्याचा तो हक्क आहे. मी घरी आले आणि मोठ्या तोंडाने हे सगळं सांगितलं. शेजारची हौसामावशी म्हणाली, "काम नाय दिलं म्हणून पैशे देत्यात? आन हे आजवर कुनी बोललं नाय?" मी म्हणाले, मावशी, पुस्तकात आहे. म्हणून आम्ही तालुक्याला गेलो होतो. म्हणून तो फवारा.

"सायेब, काम मागलं व्हतं. मिळालं नाय," आई म्हणाली. डोळा अजून चुरचुरत होता, ती एकाच डोळ्याने बघत होती.

"कधी मागितलं?"

आईने पावती पुढे केली. साहेबांनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरली, उलटी-पालटी केली.

"यावर तारीख कुठाय?"

तारीख नव्हती. आठही पावत्यांवर नाव होतं, सही होती, शिक्का होता. तारखेची जागा कोरी. मीही ती आधी बघितली नव्हती. मी, जी वाचनालयात वाचून आले होते.

"मग पंधरा दिवस झाले हे कशावरून? कालच मागितलं असेल." त्यांनी पावती टेबलावर टाकली, ती घसरून खाली पडली. आईने वाकून उचलली. "जा. सेवक येईल घरी. तो कागद पूर्ण करून घेईल."

सेवक खरंच आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी. ओट्यावर बसला, चहा घेतला, सरिताला अभ्यास कसा चाललाय विचारलं. मग माझ्याकडे वळला. "कॉलेजवाल्या ताई, तुमचं अक्षर चांगलंय म्हणे. आमचं म्हणजे कोंबडीचा पाय. एक पत्र लिहा बरं, फाईलला लावायचंय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. गावात पहिल्यांदा कुणीतरी सरकारी माणूस माझ्याकडे लिहिण्याचं काम घेऊन आला होता.

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. आम्ही खालील अर्जदार. आम्हास काम देऊ करण्यात आले होते. परंतु घरगुती अडचणींमुळे आम्ही कामावर येऊ शकत नाही. तरी आमची कोणतीही तक्रार नाही.

मी थांबले. "पण काम तर दिलंच नाही."

"ताई, ही ऑफिसची भाषा असते," तो हसत म्हणाला. "कॉलेजात शिकवत नाहीत. जुना अर्ज असा बंद केला की नवीन उघडता येतो. नवीन उघडला की पुढच्या सोमवारी काम सुरू. आता तुम्हाला गावाचं काम अडवायचं असेल तर राहू द्या."

मला गावाचं काम अडवायचं नव्हतं. आणि ऑफिसची भाषा मला येत नाही, हे त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. मी लिहिलं. एवढंच करून थांबले नाही. त्याने सांगितलं नव्हतं तरी वर 'सविनय सादर' असं लिहिलं. समास सोडला. ओळी सरळ याव्यात म्हणून खाली रेघांचा कागद धरला. त्या कागदाइतका सुंदर कागद मी परीक्षेतही लिहिलेला नाही.

मग अंगठे. सेवकाने शाईचा पॅड उघडला. हौसामावशी म्हणाली, "मी सही करनार. साक्षरतेच्या वर्गाला एवढं नाव गिरवलं ते काय चुलीत घालायला?"

"मावशी, अंगठा लवकर होतो. तुझी सही होईस्तोवर जेवायची वेळ होईल."

बायका हसल्या. मीही हसले. मग मी मावशीचा अंगठा धरला, पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. आठ जणींचे आठ अंगठे मीच धरले. माझ्या आईचा पण. कुणीही विचारलं नाही की पत्रात काय लिहिलंय. मी लिहिलं होतं ना. मग विचारायचं कशाला?

सोमवारी काम सुरू झालं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मग तालुक्याहून उत्तर आलं, एका ओळीचं. अर्जदारांनी काम स्वतः नाकारल्याने भत्ता देय नाही.

मी पुन्हा घरी आले तेव्हा आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "नाकारलं म्हंजी? आपण?" एवढंच म्हणाली. मला वाटलं आता ती चिडेल, बोलेल. ती उठली आणि ट्रक कधी येणार हे विचारायला गेली.

संक्रांतीनंतर ती पिंपळगावला गेली. सरिता बरोबर गेली. बोर्डाचा पहिला पेपर होता त्या दिवशी सरिता पॅकहाऊसमध्ये द्राक्षाच्या खोक्यांवर लेबल चिकटवत होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, आज मराठीचा होता ना?"

मी अपील केलं. जिल्ह्याच्या कार्यालयात. लिहिताना अक्षर मुद्दाम वाईट काढत होते. पहिल्या तारखेला तालुक्याचे साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला तालुक्याहून फाईल आली नाही. तिसऱ्या तारखेला फाईल आली, पण सुनावणी घेणाऱ्या मॅडम मीटिंगला. दरवेळी आई पिंपळगावहून एक खाडा करून यायची. नाशिकच्या द्वारका चौकात उतरायची आणि उड्डाणपुलाखाली पिशवी पोटाशी धरून माझी वाट बघत उभी राहायची. एकटीने रस्ता ओलांडायला भ्यायची. आणि येण्याआधी तिने बागेतल्या टाकीवर साबणाने डोकं धुतलेलं असायचं. ओले केस, वर घट्ट पदर. एका माणसाने दोनदा बोट दाबलं आणि माझ्या आईला आयुष्यभरासाठी स्वतःचा वास यायला लागला.

चौथ्या तारखेला सुनावणी झाली. तालुक्याचे साहेब आले होते, इस्त्रीच्या शर्टात. आमच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी फाईलमधून माझं पत्र काढलं आणि मॅडमसमोर ठेवलं.

"मॅडम, बघा. आठही जणींनी काम नको म्हणून लिहून दिलंय. आणि अशिक्षितांकडून घेतलं असंही नाही. हे अक्षर हिच्या मुलीचं आहे. ही उभी आहे ती. कॉलेजला आहे. सगळं समजून लिहिलंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तू लिहिलंस?"

साहेब लगेच म्हणाले, अगदी मायेने, "आता ती म्हणेल खोटं लिहिलं. पण खोटं लिहिलं असेल तर तो गुन्हा होतो, मॅडम. कॉलेजला कळवावं लागेल. होस्टेलला कळवावं लागेल. मुलीचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही."

आई पुढे झाली. आजवर कुठल्याही ऑफिसात ती विचारल्याशिवाय बोलली नव्हती.

"तिला यात घालू नका," ती म्हणाली. "मीच तिला लिव्हाया सांगितलं. मलाच काम नको व्हतं."

साहेबांनी मॅडमकडे बघून हात पसरले. झालं. संपलं.

आणि मला दिसलं की ते हसतायत. तसंच, जसा तो क्लार्क हसला होता. माझ्या आईने माझं कॉलेज वाचवायला स्वतःला खोटं पाडलं होतं, सरिताचं गेलेलं वर्ष स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि त्यांना ते सोयीचं झालं होतं. मला एवढी शिसारी आली की भीतीला जागाच उरली नाही.

मी आईजवळ गेले. खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "मजकूर यांच्या सेवकाने सांगितला. काम कधीच दिलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. आठ जणींचे अंगठे मी घेतले, त्यांना वाचून न दाखवता. हा माझा गुन्हा आहे, तो लिहून घ्या. आणि काम देऊ केलं होतं असं हे म्हणतात, तर कुठलं काम, कुठल्या दिवशी, कुठल्या शिवारात, तेही यांच्याकडून लिहून घ्या."

"ए मुली, आवाज खाली," साहेब म्हणाले.

"लिहून घ्या," मी म्हणाले.

मॅडमनी साहेबांना विचारलं, "काम दिल्याचा कागद आहे का फाईलला?"

साहेबांनी फाईल चाळली. पुन्हा चाळली. "मागवून घेतो, मॅडम."

मी तिथेच बसून जबाब लिहिला. समास सोडला नाही. 'सविनय' लिहिलं नाही. आईने खाली अंगठा केला, पण त्याआधी मी तो सगळा तिला मोठ्याने वाचून दाखवला. कार्यालयातली माणसं थांबून ऐकत होती. ऐकू दे. मग आवकच्या खिडकीवर गेले. तिथल्या माणसाने माझ्या प्रतीवर शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. तारीख नव्हती. मी कागद उचलला नाही.

"तारीख टाका."

"शिक्का मारलाय ना? लाईन बघ मागे केवढी आहे."

"तारीख टाका."

माझ्या मागे आई उभी होती. तिच्या मागे लाईन. त्याने तारीख टाकली.

त्या अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही. राखून ठेवलाय म्हणतात. काम दिल्याचा कागद अजून मागवलाच जातोय. कॉलेजला पत्र आलं नाही. येईलही, मला माहीत नाही. सरिताचं वर्ष गेलं, ते कुठल्याही निकालाने परत येणार नाही. हे घडलं त्यात माझा हात होता, खराखुरा हात, पेन धरलेला. यातून मला कुणी मोकळं करू नये.

यंदा भात निघालंय. सरिताचा दहावीचा फॉर्म पुन्हा भरलाय. गावात यंदा एकवीस जणींनी काम मागितलं. अर्ज मी लिहिले, प्रत्येकीला वाचून दाखवले. हौसामावशीने सही केली. तिला वेळ लागला, सगळ्यांनी थांबून बघितलं. सेवक म्हणाला, "पावत्या ठेवा, तारीख मी नंतर टाकतो." मावशी त्याच्या मोटरसायकलला टेकून खाली बसली. "टाक की बाबा निवांत," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?" बाकीच्या वीस जणीही बसल्या. एकवीस पावत्यांवर एकवीस तारखा पडल्या तेव्हाच त्या उठल्या.

पंधरा दिवस मोजतेय. आज नववा. काम निघालं तर आई गावात राहील आणि सरिता पेपर देईल. नाही निघालं तर सोळाव्या दिवशी त्या एकवीस जणी आणि मी त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर असू. सगळ्या आत जाऊ, दाराबाहेर कुणी थांबणार नाही. मी आईला सांगितलंय, डोकं धुऊ नको. स्वयंपाक कर, चुलीपुढून ऊठ आणि तशीच चल. साहेबांनी खण उघडला तर उघडू दे. या वेळी मी बाजूला सरकणार नाही.