धुराचे वाईट फोटो

जयतीर्थराव बँकेतनं रिटायर झाले नि त्यांनी कॅमेरा घेतला. वेलचेरीला तिसऱ्या माळ्यावर घर, मागं मोठं तळं. दर रविवारी पहाटे काप्पी पिऊन बांधावर जाऊन उभे राहायचे. पाणी, पाखरं, उगवता सूर्य, एवढंच पाहिजे होतं बिचाऱ्यांना. पण तळ्यापलीकडं साऱ्या गावच्या कचऱ्याचा डोंगर, नि तो सदा धुमसायचा. सहा रविवारांतले पाच वाया. काळा लोट बरोब्बर मधे!

बायको अलमेलू फोटो बघून म्हणायची, "अहो, आज कुणाची चूल काढून आणलीत?"

"वारा फिरला गं. येत्या रविवारी बघ."

"बघते हो. तुमचा येता रविवार काही येत नाही."

पण हा माणूस खचला नाही. वाया गेलेले फोटो टराटरा फाडायचे, फिल्मसकट टाकून द्यायचे, आणि पुढच्या रविवारी परत बांधावर. दोन वर्षांत शिकले की! ऊन कुठनं आलं म्हणजे धूर सोन्यासारखा दिसतो, कुठं उभं राहिलं म्हणजे धुक्यावाणी वाटतो. असे अकरा फोटो जपले, मागं तारखा घालून.

तोच धूर घरात यायचा. अलमेलूला दमा. खिडक्यांना ओली लुगडी बांधली तरी तिची छाती लोहाराच्या भात्यावाणी चालायची. दोन हजार पाच साली दोनदा दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले, धूर बंद होऊ दे, नाहीतर बाई काही टिकायची नाही. मग इमारतीतल्या लोकांनी महापालिकेत अर्ज केला. तिथला साहेब म्हणाला, पुरावा आणा. सगळे जयतीर्थरावांकडं बघायला लागले.

"तारखेसकट आहेत माझ्याकडं!" ते ऐटीत म्हणाले.

साहेबाच्या टेबलावर अकरा फोटो मांडले. साहेब एकेक उचलून बघत राहिला. "वा सार! मार्गळीच्या थंडीतलं धुकं काय सुंदर आलंय! आता धुराचे दाखवा."

"हाच धूर आहे, सार."

"ह्याला धूर कोण म्हणेल?"

खरे धुराचे होते ते त्यांनीच फाडून टाकलेले. त्याच डोंगरावर गेले असतील, दुसरीकडं कुठं जाणार?

घरी येऊन त्यांनी अलमेलूला सगळं सांगितलं. ती हसली, हसता हसता खोकत सुटली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "मग आता वाईट काढा की. ते तर तुम्हाला पहिल्यापासनं येतंय."

दुसऱ्या दिवसापासनं रोज जायला लागले. तर पाऊस लागला! डोंगर विझला. ज्या आभाळासाठी दोन वर्षं तळमळले ते जरा उघडीप पडली की निळंशार समोर, नि हे कॅमेरा घेऊन त्याला शिव्या देत उभे.

पाऊस सरला, धूर परत आला. काळाकुट्ट, इमारतीच्या अंगावर येणारा. त्यांनी अख्खा रोल संपवला. फोटो धुऊन यायला चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी अलमेलू गेली. खिडकीचं लुगडं ओलंच होतं.

तेरावं झाल्यावर फोटो घेऊन गेले. साहेबाची बदली झालेली. नवा म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय? वर्षभराचे आणा."

अजून जातात दर रविवारी. ष्टुडिओवाला विचारतो, "काय सार, बरे आले का आज?"

"नाही रे, वाईट आलेत," म्हणतात, मागं तारीख घालतात, आणि डब्यात ठेवतात.