तुमच्या काकूचा दात

बाळांनो, तुमच्या काकूचा दात जिन्यावरून पडून गेला, असं काकांनी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते खरं नाही.

तुमची चुलतबहीण सोळाची. काकू लग्नाआधी कुस्ती खेळायची. तिनंच पोरीला तालमीत घातलं. दिवाळीत नात्यातली एक बाई पोरीचे कुस्तीत घासून सुजलेले कान बघून म्हणाली, "असले कान घेऊन हिला कोण करून घेणार?" त्या दिवसापासून तालीम बंद. पोर केस कानांवर ओढून बसायची. काकू रागावली, तर तिचं एकच उत्तर, "तू तरी सोडलीच ना?"

मग रेणुकाईच्या जत्रेत आम्ही तिघी कुस्त्या बघायला गेलो. एक दणकट तरुण मुलगी हात वर करून आखाड्याला फेरी मारत होती. तिच्या हातावर जी हात मारील तिनं लढायचं. मग माघार नाही. ती आमच्यासमोर आली. पोरीनं मान खाली घातली, आणि काकूनं फाटकन हात मारला.

"सूनबाई, वेड लागलंय का?"

"आई, माझा चष्मा धरा." तिनं ओढणी कमरेला कसली.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, पोळ्या लाटायच्या न्हाईत इथं!"

"मंग तू ये लाटायला!" काकू तिथूनच गरजली.

मला टापटीप आवडते हे तुम्ही जाणता. समोर जे झालं त्यात ती कुठेच नव्हती. त्या मुलीनं काकूची मान दाबून तोंड मातीत घासलं. काकूनं उसळून तिच्या बरगडीत खांदा घातला. दोघी धाडकन आदळल्या. नाकातून रक्त आलं, माती तांबडी झाली. काकू हसत होती! तशी हसताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, ती मुलीच्या पायांवर झेपावली, मुलीचा गुडघा तिच्या तोंडावर बसला, आणि पुढच्या क्षणी काकू चितपट.

ती रक्त आणि दात एकदमच थुंकली. मी पदर पुढे केला. पोर मात्र केस मागे बांधत पुढे झाली. दोन्ही कान उघडे.

"आई, पट काढताना मान खाली का घातलीस? गुडघा बसणारच."

"मंग कशी ठेवू?"

"वर. उद्या तालमीत चल, दाखवते."